खोडलेल्या शब्दाखाली

हॅलो?… हां ताई, बोल… नाही, बाहेर आलेय, व्हरांड्यात. बाबा आत झोपलेत… तसंच गं. सकाळपासून दोन चमचे पाणी. डॉक्टर म्हणाले, फार तर चार-पाच दिवस… हो, हो… अगं ऐक ना, आधी एक गंमत ऐक.

गंमत कसली… बाबांच्या फाइलमध्ये नर्सने लिहिलं होतं, पेशंट ऑब्स्टिनेट आहे… हट्टी गं. गोळ्या थुंकतात, सुईला हात देत नाहीत, मग काय लिहील बिचारी?… आणि बाबांनी ते वाचलं ना! उशाखालची पेन्सिल काढली, तो शब्द खोडला, समासात दुसरा लिहिला… हो, स्वतःबद्दलच! वर औषधाचं स्पेलिंगही सुधारून ठेवलं. चाळीस वर्षं प्रुफं तपासलेला माणूस. जित्याची खोड मेल्याशिवाय… जाऊ दे. मी पण काय बोलून जाते.

ऑब्ड्युरेट… हो, ऑब्ड्युरेट… अगं तोही हट्टीच, पण… नाही नाही, एकच नाही. मीही तेच म्हटलं, बाबा, दोन्ही एकच ना? तर ओरडले माझ्यावर. आवाज उरला नाहीये, तरी ओरडले… म्हणाले, लहान मूल, खेचर, बरा न होणारा खोकला, हे सगळे पहिल्या शब्दातले. दुसरा फक्त माणसाच्या काळजासाठी. हट्टी माणसाला समोरचं दिसतच नाही. ह्या दुसऱ्याला दिसतं. समोरचा रडतोय, पाया पडतोय, सगळं दिसतं, तरी पाझर फुटत नाही… हो, हेच शब्द.

नाही, तुझं नाव नाही काढलं. नऊ वर्षांत काढलंय कधी?… मला सांगून काय उपयोग, ताई! तू त्यांच्याच छापखान्यात साहेब होतीस, वरून हुकूम आला, मला कळतं. पण कामावरून घरी पाठवायच्या लोकांच्या यादीत बाबांचं नाव, खाली तुझी सही. आणि ती यादीसुद्धा त्यांच्याच टेबलावर तपासायला गेली!… माहितेय, चुकून. नेहमीच्या प्रुफांत मिसळली… एक काना राहिला होता म्हणे. तो देऊन परत पाठवली त्यांनी. घरी येऊन जेवलेसुद्धा. तुझ्याशी बोलले नाहीत, एवढंच.

थांब, तू कुठून बोलतेयस? हा लिफ्टचा आवाज… खाली? इथे खाली? कधी आलीस?… अगं वर नको येऊस. ऐक… आधी ऐक ना माझं!

हो, मलाही अगदी तेच वाटलं. आपणहून लिहिलं म्हणजे मनाला लागलंय, कुठेतरी विरघळतायत. म्हणून मघाशी मीच त्यांच्यासमोर तो दुसरा शब्द खोडला. म्हटलं, बाबा, हा नको. ताईला बोलावते… तर चष्मा मागितला, पेन्सिल मागितली… मलाही वाटलं गं, तुझ्यासाठी काहीतरी लिहितायत. हाताला आधार द्यायला गेले तर झटकला माझा हात…

टिंबं.

टिंबं दिली, खोडलेल्या शब्दाखाली… तुला काय समजावायचं, तूच त्यांच्याशेजारी बसून शिकलीस ना सगळ्या खुणा… हो. 'खोडू नका, आहे तसंच राहू द्या.'

ताई?… रडू नकोस गं… नाही. खोटं कशाला बोलू? पाझर फुटेल असं आता नाही वाटत मला… थरथरत? हात तर थरथरतोच. साधा चमचा धरवत नाही…

पण टिंबं एका ओळीत आलीत, ताई. एकसुद्धा हललेलं नाही.

हॅलो?… ताई?…