उंटरावांनी सोडलेला डाव

सन्माननीय अध्यक्ष, व्यासपीठावरील पाहुणे, आमचे पंच, उंटरावांच्या पत्नी म्हणजे आमच्या वहिनी, समोर बसलेले बुद्धिबळप्रेमी आणि ज्यांच्यासाठी आपण जमलो ते आमचे उंटराव, सर्वांना नमस्कार. निरोपाच्या सत्काराची फुलं माझ्या हातात कशी, असं तुम्हाला वाटत असेल. सांगतो.

उंटराव हे नाव आम्हीच ठेवलं. वजीर गेला तरी चालेल, पण उंटाला धक्का लागलेला यांना खपायचा नाही! शहराच्या स्पर्धेत अंतिम डाव दरवर्षी आमच्या दोघांतच व्हायचा आणि दरवर्षी हे हरायचे. वर चहाही हेच पाजायचे.

गेल्या वर्षी मात्र त्यांनी मला पुरतं कोंडलं होतं. माझा राजा कोपऱ्यात, यांचे दोन्ही उंट त्याच्यावर रोखलेले. घाम पुसत मी पाणी प्यायला उठलो. समोरच्याच्या बाजूने पट कसा दिसतो, हे आपण सगळेच उठून बघतो, नाही का? उंटरावही उठले, माझ्या बाजूला आले आणि माझ्याच खुर्चीत बसले.

मी परतलो तर हे कपाळाला हात लावून बसलेले. "यातून काही निघत नाही हो," म्हणाले आणि त्यांनी माझा राजा आडवा केला. "हरलो मी."

मी पंचांना म्हटलं, "अहो, तो राजा माझा आहे!" पंच म्हणाले, "त्यांनी स्वतःच्या तोंडाने डाव सोडलाय. मी काय करू?" दाराशी उभ्या वहिनी पुढे आल्या आणि हात धरून त्यांना घरी घेऊन गेल्या. घरात हे विसरणं आधीच सुरू झालं होतं.

चषक मी त्यांच्या घरी नेऊन दिला. दुसऱ्या दिवशी हे तो घेऊन माझ्या दारात हजर. "आमच्याकडे विसरलात!"

डॉक्टर म्हणतात, यात सुधारणा नाही. हे सगळं वहिनींना विचारूनच बोलतोय. उंटरावांच्या तर घटकाभराने लक्षातही राहणार नाही. आणि आपल्या कार्यकारिणीने भेट काय आणली? बुद्धिबळाचा पट! धन्य आहे.

मघाशी यांनी मला हळूच विचारलं, "आज निरोप कुणाचा हो?" माझ्या तोंडून निघून गेलं, "माझा." लगेच त्यांनी ही फुलं माझ्या हातात ठेवली. डोळे भरून आले त्यांचे. म्हणाले, "मग आता मी कुणाशी खेळायचं?"

ती फुलं घेऊनच मी इथे बोलायला उभा राहिलो.

अध्यक्षांनी बोलू दिलं, तुम्ही ऐकून घेतलंत, मी आभारी आहे. काही कमीजास्त बोललो असेन, तर तुम्ही सगळे पोटात घाला. उंटराव तर विसरलेच असतील.