टेबलाच्या पलीकडच्या बाजूला

आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष, आपले छापखानेवाले काका. प्रमुख पाहुण्या, मोठ्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका बाई. मधल्या खुर्चीत अवघडून बसलेल्या, आणि मघापासून कुणाला पाणी हवंय का हेच बघणाऱ्या आपल्या मावशी. पहिल्या रांगेतली त्यांच्या घरची मंडळी. आणि समोर बसलेले सगळे काका-काकू, ताई-दादा, ज्यांच्यातल्या निम्म्यांनी तरी मला कधी ना कधी "एका जागी बस गं बाई" असं सुनावलेलं आहे, तुम्हा सर्वांना माझा नमस्कार.

आधी एक कबुली देते. हे भाषण लिहायचं मी सारखं टाळलं. औषधाच्या दुकानातल्या काकूंनी मला फोन करून बजावलं होतं, "लिहूनच आण. तोंडी सुरू झालीस की तू परत येत नाहीस." आता माझं काम तुम्हाला माहीत आहे. प्रदर्शनं भरतात ना, त्यांच्या दुकानांच्या तात्पुरत्या भिंती उभ्या करणाऱ्या टोळीत मी आहे. आज या गावात, उद्या त्या. सुरुवातीचा परिच्छेद मी प्लायवूडच्या एका तुकड्यावर लिहिला होता. फार छान जमला होता. मुकादमानं तो तुकडा पंखेवाल्याच्या दुकानाला मागून ठोकून टाकला. मी म्हटलं, "अहो, माझं भाषण!" तो म्हणाला, "आता प्रदर्शन संपल्यावर कर."

पण खरं सांगू का? प्लायवूड हे निमित्त झालं. लिहिलं की निरोप झालाच असं मानावं लागतं. माझी तयारी नव्हती.

निरोप समारंभ म्हटलं की निरोप घेणारा माणूस कुठेतरी निघालेला असतो. गाडीची वेळ झालेली असते, बॅग भरलेली असते. आज तसं काहीच नाही. मावशी कुठेही चाललेल्या नाहीत. त्या उद्याही त्याच घरात, त्याच स्वयंपाकघराला लागून असलेल्या लांब टेबलापाशी असणार आहेत. निघायचंय ते आपल्याला. म्हणून मघाशी फुलांचा गुच्छ देताना सगळ्यांचे चेहरे असे झाले. पाहुण्यांनी यजमानांना गुच्छ द्यावा आणि चपला शोधायला लागावं, तसं.

मुख्याध्यापिका बाईंना हे नवीन असेल, म्हणून थोडं सांगते. बाई, शाळेचं आणि माझं जमलं नाही हे तुम्हाला ठाऊक आहे. तुम्ही मान डोलवताय, म्हणजे आठवतंय. मावशींनी आपल्या मुलांना शाळेत घातलंच नाही. थोरली, मधला आणि धाकटा, तिघांना घरीच शिकवायचं ठरवलं. मग शेजारच्या काकू आल्या, "आमच्या दोघांनाही बसव ना जरा." मग त्यांच्या जावेची मुलं आली. मग माझी आई मला घेऊन आली. तिची लॉन्ड्रीत पाळी असायची आणि वडील ट्रकवर. घरशाळा म्हणजे घरच्या घरी शिकणं. आम्ही मात्र सगळे आपापली घरं सोडून मावशींच्या घरी जाऊन घरी शिकत होतो! हे विचित्र आहे असं इतक्या वर्षांत एकालाही वाटलं नाही.

काका, म्हणजे मावशींचे यजमान, लिफ्ट दुरुस्त करतात. दुपारी जेवायला घरी यायचे तर खुर्ची मिळायची नाही. ताट हातात घेऊन, फ्रिजला टेकून जेवायचे. कुणी उठायला लागलं की म्हणायचे, "बसा बसा. मला उभ्याची सवय आहे, दिवसभर वरखालीच असतो." आम्ही हसायचो. काका, आज तुम्हाला खुर्ची मिळाली आहे. छान मागे टेकून बसा.

सकाळी टेबल. दुपारी फोन. मूल शाळेतून काढलं आणि आता हातपाय गार पडले, अशा कुठल्या कुठल्या आईबापांचे फोन. बुधवारी पालकांची बैठक, शनिवारी व्हरांड्यात प्रयोग, महिन्याचं पत्रक, मोठ्या मुलांच्या परीक्षांचे अर्ज. फोन इतके यायचे की धाकटा पाच-सहा वर्षांचा असताना स्वतःच उचलून सांगायचा, "घाबरू नका. पहिला महिना असंच वाटतं." समोरची बाई हमसून रडत असायची आणि हा शांतपणे, "पाणी प्या आधी."

हसा, हसा. मीही हसत होते.

मावशींनी हे सगळं थांबवायचं ठरवलं, तेव्हा त्या बुधवारच्या बैठकीला योगायोगानं मी होते. त्या एवढंच म्हणाल्या, "मला जरा घरचं बघायचंय." तुमच्यापैकी बरेच जण तिथे होतात. काय काय बोललात ते आठवतंय ना?

"निदान शनिवार तरी ठेवा हो."

"आमच्याचं यंदा महत्त्वाचं वर्ष आहे, एवढं काढून द्या."

"तब्येत वगैरे ठीक आहे ना? नाही, मोकळं सांगा."

आणि आपले टायरवाले भाऊ, भाऊ रागावू नका, जवळजवळ ओरडलेच, "मावशी, तुम्ही सोडलंत तर आमच्या पोरांनी जायचं कुठे?"

मावशी म्हणाल्या, "घरी."

बैठक तिथेच उठली. मग बाहेर बोलणं सुरू झालं. कुणी म्हणालं आजार आहे, कुणी म्हणालं नवराबायकोत काहीतरी आहे, कुणी म्हणालं डोक्यात हवा गेली. खरं कारण मला माहीत होतं; ते कळलं तेव्हा मी त्या घरात होते. आज ते सांगू का, असं मी मावशींना विचारलं. त्या म्हणाल्या, "सांग. पण धाकट्याला वाईट वाटेल असं नको." म्हणून त्यालाही विचारलं. तो म्हणाला, "सांग. पण ते भारी असतं हेही सांग." सांगते रे बाबा.

गेल्या वर्षी शिडीवरून पडून माझा पाय असा मुरगळला, की प्लास्टर घालावं लागलं. टोळी पुढे गेली आणि मी मावशींकडे येऊन पडले. दुसरीकडे कुठे जाणार? आईची लॉन्ड्रीतली पाळी, वडील ट्रकवर. बाहेरच्या खोलीत कॉटवर पाय उशीवर ठेवून पडलेली असायचे. एका दुपारी धाकटा गोष्टीचं पुस्तक घेऊन आला. "ताई, कंटाळलीस? वाचून दाखवू?" म्हटलं दाखव. तो माझ्याजवळ बसला, पुस्तक उघडलं, उलटं केलं आणि घडाघडा वाचायला लागला.

उलटं म्हणजे डोकं खाली पाय वर. चित्रातलं अस्वल छताला लटकलेलं.

मला वाटलं, करामत करतोय. म्हटलं, "अरे, सरळ धर की."

"सरळच आहे."

मी हसत पुस्तक फिरवून दिलं. तो बघत राहिला. एक एक अक्षर चाचपडायला लागला. तिसऱ्या शब्दाला अडला आणि वैतागला, "असं उलटं कसं वाचू मी?"

तुम्हाआम्हाला अक्षरं वरच्या रेघेला लटकलेली दिसतात, दोरीवरच्या कपड्यांसारखी. त्याला ती रेघेवर उभी दिसायची. रांगेत, गर्दी करून. तो मला म्हणाला, "बघ ना, सगळी उभी आहेत. तुझी पडतील." आता मला सांगा, हे भारी नाही का? मी भिंती उभ्या करणारी बाई, मला तर फारच भारी वाटलं. मी मोठ्यानं हाक मारली, "मावशी, लवकर या! धाकट्याची जादू बघा!"

मावशी ओले हात पुसत आल्या. त्याही आधी हसल्या. "पुन्हा वाच," म्हणाल्या. त्यानं वाचलं. मग त्या म्हणाल्या, "लिहून दाखव बरं." त्यानं माझ्या पायाच्या प्लास्टरवर लिहिलं. माझ्या बाजूनं सुरेख, सरळ, वळणदार अक्षर. त्याच्या बाजूनं सगळं उलटं, उजवीकडून डावीकडे. सराईतासारखं.

मावशींचं हसू तिथे थांबलं.

त्या उठून टेबलापाशी गेल्या. तुम्ही सगळे त्या टेबलाशी बसला आहात. मावशींची खुर्ची खिडकीकडे. त्यांच्या उजव्या हाताला एक खुर्ची. ज्याला अडलंय त्यानं त्या खुर्चीत बसायचं. मावशी पुस्तक मधे ठेवणार, आपल्या खांद्याला त्यांचा खांदा लागणार आणि बोट अक्षराखालून सरकत जाणार. त्या खुर्चीत मी बसले, टायरवाल्या भाऊंचे दोघं बसले, बेकरीवाल्यांची मुलगी बसली. कायम कुणीतरी अडलेलं असायचंच. आणि धाकट्याचं स्टूल कुठे होतं? समोर. टेबलाच्या पलीकडे. तो लहान, घरचा, त्रास न देणारा. तिथे बसून तो आम्हाला वाचताना बघायचा. आमची सगळी पुस्तकं त्यानं पलीकडून वाचली. त्याला कुणी शिकवलंच नाही. तो आपला आपण शिकला, आणि पुस्तक जसं समोर दिसायचं तसंच शिकला. वही पुढे सरकवायचा तेव्हा आईच्या बाजूनं सगळं बरोबर दिसायचं. म्हणून तिला कधी कळलंच नाही.

त्या दुपारी मावशी त्याच्या त्या स्टुलावर जाऊन बसल्या. समोरच्या आपल्या रिकाम्या खुर्चीकडे, तिच्या शेजारच्या खुर्चीकडे बघत राहिल्या. मी कॉटवरून बघत होते, आणि माझ्याच्यानं उठवत नव्हतं.

मग दारातून कुणीतरी आलं. कुणाचा मुलगा ते सांगत नाही, तो इथेच बसलाय. "मावशी, मला भागाकार येत नाहीये." आणि मावशी उठल्या हो. "आले," म्हणाल्या. खिडकीकडच्या खुर्चीत जाऊन बसल्या, आणि तो त्यांच्या उजव्या हाताला.

संध्याकाळी थोरली क्लासवरून आली. मावशींनी तिला विचारलं, "तुला माहीत होतं?"

थोरली म्हणाली, "आई, सगळ्यांना माहीत होतं."

"मग सांगितलं का नाही?"

"कधी सांगायचं? तू शिकवत होतीस."

तिच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशींनी धाकट्याला उजव्या हाताच्या खुर्चीत बसवलं. बाकीच्यांना व्हरांड्यात पाठवलं. पुस्तक मधे ठेवलं, अक्षराखाली बोट ठेवलं. तो थोडा वेळ बसला. चुळबुळला. मग अगदी गोड आवाजात, आईला वाईट वाटू नये अशा बेतानं म्हणाला, "आई, मी तिकडे बसू? इथून तू दिसत नाहीस."

मंडळी, मी फार शिकलेली नाही. पण एवढं मला कळलं, की ते वाक्य फक्त वाचण्याबद्दल नव्हतं. आईला बघायचं ते टेबलापलीकडूनच, असंच त्या मुलाला माहीत होतं. शेजारी बसल्यावर काय करायचं ते त्याला येत नव्हतं. आणि थोरली आता दोन-तीन वर्षांत घराबाहेर पडेल. तिला तर पलीकडचं स्टूलही सोडून झालंय.

अक्षरांचं मी मघाशी बाहेर मुख्याध्यापिका बाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "अक्षरं फिरवता येतात गं. महिन्या-दोन महिन्यांत सरळ वाचेल." वाचायलाही लागलाय बाई, अडखळत. मावशींना घाई आहे ती अक्षरांची नाहीच.

म्हणून फोन बंद. शनिवार बंद. पत्रक छापखानेवाले काका बघतील. टेबल तेच, पण आता पाच माणसांचं. मावशींनी आपल्याला इतकी वर्षं जे दिलं ते कुणाचं तरी उचलून दिलेलं होतं, आणि ते ज्यांचं होतं ती तिघं मुलं इथे पहिल्या रांगेत, नीट कपडे घालून, टाळ्या वाजवतायत. मला त्यांच्याकडे बघवत नाही. आणि तरीही, इतकं सगळं कळूनही, माझं मन म्हणतं की माझ्यापुरतं दार उघडं ठेवा. पुढच्या वेळी पाय मुरगळला तर मी कुठे येऊ? हे मी विचारणार नाहीये. नुसतं सांगितलं.

काकू घड्याळ दाखवतायत. आटपते. मला बोलायला उभं केल्याबद्दल आयोजकांचे आभार. अध्यक्षांचे, बाईंचे आभार. काका, थोरली, मधला, धाकटा, तुमचे आभार कुठल्या शब्दांत मानायचे ते मला येत नाही, तेव्हा ते राहू द्या. बोलण्यात काही जास्त गेलं असेल, कुणाला टोचलं असेल तर पोरगी भटकी आहे म्हणून सोडून द्या. आणि मावशी, तुम्ही...

एक मिनिट. मागे दारापाशी काय चाललंय? मोठ्यानं सांगा, इथे ऐकू येत नाही.

कोण आलंय?

बरं. मंडळी, एक बाई आल्या आहेत, सोबत मुलगी आहे. सामानासकट आल्या आहेत, लांबून. कालच शाळेतून नाव काढलंय म्हणे. मावशींच्या घराला कुलूप दिसलं, तर शेजाऱ्यांनी इकडे पाठवलं.

मावशी, बसा. नाही, बसा हो तुम्ही. काका, धरा त्यांना. मी जाते दाराशी. काय सांगायचं ते तिथपर्यंत जाताना बघते.

ती मुलगी एकेकाचा चेहरा बघतेय, मावशी कोणत्या ते शोधतेय. हात जोडून विनंती करते, कुणीही व्यासपीठाकडे बोट दाखवू नका.