बोटभर बुटकी मुलं

नाही नाही, काका, बांधणी थांबवा, तो गठ्ठा दाबाखाली घालू नका — एक मिनिट! — हो, मीच म्हणाले होते घाई करा, पाचला विद्यापीठाची खिडकी बंद होते, आज प्रबंध दिला नाही तर सहा महिने पाण्यात, सगळं मीच म्हणाले. पण घरी निघाले आणि पान एकशे चौदा डोळ्यांपुढे आलं. हे बघा. आपल्या गावातला कारखाना बंद पडल्यावर पहिलीत आलेली मुलं आधीच्या मुलांपेक्षा बोटभर बुटकी होती — म्हणजे प्रबंधात ‘बोटभर’ चालत नाही, तिथं ‘उंचीत स्पष्ट घट’ असं लिहावं लागतं, पण अर्थ तोच. आणि खाली काय? काही नाही. टीप नाही, कुणाचं नाव नाही.

एका वाक्यासाठी एवढं काय, असंच ना? अहो, तेच तर! मी परदेशात शिकत होते तेव्हा पहिल्याच आठवड्यात आम्हाला शिकवलं — जे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, त्याला आधार द्यायचा नाही. वर्षाचे महिने बारा, हे तुम्हाला कुणी सांगितलं असं कुणी विचारतं का? नाही विचारत. पण जे कुणीतरी खपून मोजलंय, शोधलंय, तिथं त्याचं नाव घ्यायचं. नाही घेतलं तर सरळ चोरी. मी हे इतक्यांदा सांगते की वर्गातली मुलं मला ‘टीपबाई’ म्हणतात — त्यांना वाटतं मला कळत नाही. म्हणू देत. शिकून परत आले ती याच्यासाठीच, इथलं काम इथल्या माणसांच्या नावानं जगापुढे जावं म्हणून!

तर आमच्या सरांनी या वाक्यासमोर पेन्सिलीनं लिहिलं होतं — ‘आधार?’ मी ताठ मानेनं सांगितलं, सर, हे तर अख्ख्या गावाला माहीत आहे. आणि आहेच! तुम्हाला नाही माहीत? — बघा, मान हलवलीत! मग झालं तर. बांधा, बांधा. — नाही, थांबा. तुम्हाला कुणी सांगितलं? — कोण बाई? — पोस्टामागच्या शाळेतल्या? — तुमच्या दुकानात येऊन? मुलीची उंची भरत नाही, तिला रोज दूध द्या, असं?

ती माझी मावशी, काका.

शाळा सुरू झाली की पहिलीतलं एकेक पोर भिंतीशी उभं करायची, डोक्यावर लाकडी पट्टी, भिंतीवर खूण, मग वहीत आकडा. एकोणतीस वर्षं. पोरं उंचीत कमी भरायला लागली तशी दारोदार सांगत सुटली. लोक म्हणायचे, बाईंना दुसरा उद्योग नाही — तुम्हीही म्हणाला असाल, असू द्या, मी नाही सांगत तिला. म्हणजे गावाला ठाऊक झालं ते तिच्या तोंडून. आणि मी लिहिते, सगळ्यांना माहीत आहे!

विसरले नव्हते हो. खरं सांगू? टीप लिहिली होती मी. खोडली. वर डॉक्टर, खाली प्राध्यापक, आणि मध्ये प्राथमिक शाळेतल्या बाईंच्या वह्या — म्हटलं, परीक्षक हसतील. तिच्याच घरी राहून, तिच्याच हातचा चहा ढोसत लिहिला की प्रबंध! आज सकाळी तिनं हे पान वाचलं. चष्मा पुसून दोनदा वाचलं. म्हणाली, “छान लिहिलंस गं. अगदी बरोबर आहे.” — बरोबर आहे म्हणे! तिला नाही कळणार तर कुणाला कळणार?

ते काही नाही. धागा कापा. तिन्ही प्रतींचा. एकच पान बदलायचंय, शेजारून छापून आणते, होतंय वेळेत — नाही झालं तर नाही झालं. टीप अशी — तिचं पूर्ण नाव, ‘उंचीच्या नोंदवह्या’, आणि साल… पहिली वही कुठल्या सालची? थांबा, तिलाच विचारते.

हॅलो, मावशी? अगं, तुझ्या त्या उंचीच्या वह्या — पहिली कुठल्या सालची? — कशाला म्हणजे? प्रबंधात घालायचंय. — आभारात नाही गं, आत. तुझं नाव, पान एकशे चौदावर. — थांबते, पूस चष्मा. पण साल सांग!

काका, तुम्ही धागा कापा ना. माझ्याकडे काय बघताय!