लायलॅकला धमकी

(बहरीन. जुफैरमधल्या फ्लॅटची पाहुण्यांची खोली. एसी सोळावर. खिडकीशी कुंडीत लायलॅक, थंड देशातलं फुलझाड.)

सासूबाई : माका गरम पाणी आणि झाडाक बर्फ! ह्यो खयचो न्याय गो, स्मिता?

स्मिता : आई, चार तुकडेच टाकलेत. लायलॅकला हिवाळा लागतो. थंडी मिळाल्याशिवाय फुलतच नाही ते.

सासूबाई : मगे बहरीनात हाडलंस कित्याक?

स्मिता : मी कुठे आणलं! वरच्या मजल्यावरची अमेरिकन मैत्रीण जाताना देऊन गेली. श्रेया झाली तेव्हा तीच यायची हो, मला जरा झोपू द्यायला. म्हणाली, फुललं की फोटो पाठव. दोन वर्षं नुसती पानं पाठवतेय तिला.

सासूबाई : आणि त्या हिवाळ्यात माका निजवलंस! दोन गोधड्यो, वर दत्ताचो स्वेटर. गावाक सांगीन तर हसतली, वाळवंटात जावन सर्दी हाडली म्हणान.

स्मिता : हीच एक खोली नीट गार होते ना...

सासूबाई : उद्या जातंय मी. परत काय येवचंय नाय. दत्ता लॅपटॉपात, तू झाडात, नातीक हाक मारली तर "व्हॉट, आजी?"

स्मिता : असं नका ना बोलू. दत्तापण म्हणालाय, शुक्रवारी कुंडी खाली कचऱ्यात. खलास.

सासूबाई : कचऱ्यात? कोयतो हाड.

स्मिता : आई!

सासूबाई : सुरी तरी हाड. आमच्याकडे फणस धरना नाय तर असाच करतत. एकान कोयतो उगारूचो, दुसऱ्यान हात धरून जामीन रवाचां. झाड घाबरता नि दुसऱ्या वर्षाक धरता.

स्मिता : त्याला मालवणी कळणार आहे का?

सासूबाई : सुरी सगळ्यांका कळता. हां... ए लायलॅका! बर्फ खाल्लंस, माझी झोप खाल्लंस, नि एक फूल नाय? कापतंय तुका! — अगो, बघतंस काय? हात धर माझो, नायतर खरांच कापीन!

स्मिता : नका, नका! नका ना कापू! फुलेल ते पुढच्या वर्षी. मी... मी जामीन.

सासूबाई : रडतंस कित्याक? नाटक आसा ह्यां.

स्मिता : माहितीये. पण पुढच्या वर्षीही नाही फुललं, तर सुरी कोण उगारणार? मी एकटी दोन्ही कशी करू?

सासूबाई : हात सोड आधी. दत्ताक सांग, कुंडी खयय जावची नाय. नि मी येवच्या आधी एक जाड रजई घेवन ठेव.