मागची फरशी ओली आहे

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा आणि आमच्या कॉलेजच्या प्राचार्या डॉ. ट्रेंबली, ब्याऐंशीव्या वर्षीही खुर्चीला पाठ न टेकता बसलेले माझे गुरू कोच हॅलोरन, गावचे दंतवैद्य आणि आजचे प्रमुख पाहुणे डॉ. ब्रुनो झानेत्ती, सर्व प्राध्यापक, कर्मचारी, आजी-माजी विद्यार्थी आणि मित्रहो, आणि व्यासपीठावरची मधली खुर्ची खास आपल्यासाठी मांडलेली असताना शेवटच्या रांगेत, मागच्या दाराला खेटून बसलेल्या आजच्या सत्कारमूर्ती, श्रीमती एल्मा कोस्केला!

अध्यक्षांचं भाषण रंगात आलं असताना मी दहा मिनिटं गायब होतो, त्याबद्दल सुरुवातीलाच दिलगिरी व्यक्त करतो. माझ्या पॅन्टचा उजवा गुडघा ओला आहे, हेही पहिल्या रांगेतल्या दोघी-तिघींच्या नजरेतून सुटलेलं दिसत नाही. बाहेर पाऊस नाही, बर्फ तर आता दिवाळखोर झाल्यासारखा कुठंच दिसत नाही, मग हा कुठं लोळून आला? सांगतो. जरा दम धरा. मटण-बटाट्याचं सारण भरलेल्या पास्ट्या अजून ओव्हनमध्येच आहेत, मी येताना विचारून आलो.

मी डेनिस रौटियो. गेली अकरा वर्षं या कॉलेजच्या फुटबॉल संघाचा कोच. एक्केचाळीस वर्षं ही इमारत झाडणाऱ्या-पुसणाऱ्या बाईंच्या निरोपाला फुटबॉलच्या कोचनं का बोलावं, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल. कोस्केलाबाईंना तर नक्कीच पडलाय. परवा त्यांनी मला जिन्यात गाठून बजावलं, "डेनिस, माझ्याबद्दल काही बोलायचं नाही. बोललास तर मी उठून जाईन." म्हणून तर ती दाराजवळची खुर्ची. ठीक आहे बाई. मी तुमच्याबद्दल बोलत नाही, मी फरशीबद्दल बोलतो.

ही फरशी. आत्ता तुमच्या खुर्च्यांखाली आहे ती, या जिमची लाकडी फरशी. आमच्याकडे नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत मैदान बर्फाखाली असतं, तेव्हा सगळा सराव इथंच. आणि या फरशीचा कायदा एकच होता. कोस्केलाबाईंनी पिवळी पाटी मांडली, 'सावधान, फरशी ओली आहे', की तिच्या पलीकडे पाऊल टाकायचं नाही. कुणीच नाही. तेव्हाचे प्राचार्य एकदा पाटी बघून थबकले, मागे फिरले आणि बाहेरून, गुडघाभर बर्फातून वळसा घालून आपल्या ऑफिसात गेले. हसू नका, ही ऐकीव गोष्ट नाही. त्यांचे ओले मोजे रेडिएटरवर वाळताना मी स्वतः पाहिलेत.

आता प्राचार्याबाई संगीताच्या, फुटबॉलशी त्यांचा संबंध बँडपुरता. त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. हा आपला फुटबॉल पायानं कमी आणि हातानं जास्त खेळतात. क्वार्टरबॅक म्हणजे तो, ज्याच्या हातात चेंडू येतो आणि अडीच सेकंदांत ज्याला तो आपल्या माणसाकडे फेकायचा असतो. एरवी समोरचे चार जण त्याच्या अंगावर येतात आणि त्याचे पाच जण त्यांना अडवतात. हिशोब बरोबर बसतो. पण कधी कधी चाराऐवजी सहा येतात, सात येतात. त्याला म्हणतात ब्लिट्झ. मग एखादा न अडवलेला राहतोच, आणि तो शंभर किलोचा माणूस तुमच्याकडे काही हालहवाल विचारायला येत नसतो. यावर उपाय काय? तो ज्या जागेवरून आला, ती जागा रिकामी झालेली असते. चेंडू तिथं फेकायचा. बस्स! इतकं सोपं. कोच हॅलोरन हे फळ्यावर लिहायचे आणि खाली दोनदा रेघ मारायचे.

तीस वर्षांपूर्वी मी या कॉलेजचा क्वार्टरबॅक होतो. दुसऱ्या वर्षी, पहिल्याच सामन्यात, ब्लिट्झ आली ती मला दिसलीच नाही. खांद्याचं हाड मोडलं. हाड सहा आठवड्यांत जुळलं. बाकीचं जुळायला वेळ लागला. परत आल्यावर चार जण आले तर माझे दहातले सहा-सात चेंडू ठीक पोहोचायचे. ब्लिट्झ आली, की एकतीसपैकी सात. एकतीसपैकी सात! आमच्या आजीनं जमवले असते. कोचनी मला जानेवारीत ऑफिसात बोलावलं आणि तो कागद समोर ठेवला. "डेनिस," ते म्हणाले, "यात पाच वेळा तर कुणी हात लावायच्या आधीच तू खाली बसलायस. एप्रिलमध्ये आपल्या-आपल्यातला सामना आहे. त्यात दिसलं तर दिसलं. नाहीतर जागा दुसऱ्याला."

मी बाहेर आलो आणि घरी पत्र लिहिलं, की एप्रिलनंतर मी कॉलेज सोडून लाकडाच्या गिरणीत कामाला येतो. टाकलं नाही, खिशात ठेवलं. दुसऱ्या कुणाला तरी माझ्या जागेवर बघत इथं दोन वर्षं काढायची, एवढी छाती माझ्यात नव्हती. आज इतक्या लोकांसमोर हे सांगताना लाज वाटते, पण होतं ते होतं.

आता झाडू. कोचची एक युक्ती होती. समोरच्या उंच माणसांचे वर केलेले हात म्हणून त्यांनी लांब दांड्याचे झाडू धरायला लावले होते. क्वार्टरबॅकनं त्या झाडूंवरून चेंडू फेकायचा. झाडू अर्थातच कोस्केलाबाईंच्या खोलीतून, न विचारता आणलेले. तिसऱ्या दिवशी बाई जिममध्ये आल्या. चाळीस पोरं भिंतीला सरकली.

"माझे झाडू कुठायत?"

"दोनच मिनिटं, बाई," कोच म्हणाले. मी त्यांना त्याआधी आणि त्यानंतर कधी असा आवाज काढताना ऐकलेलं नाही.

"असा धरतात होय झाडू? केस वाकले की सगळे! इकडे आण तो. मीच धरते." आणि धरला की हो! त्या दिवसापासून आमच्या बचावफळीत एक माणूस वाढला. अंगात निळा एप्रन, हातात झाडू, आणि माझ्याकडे बघणारी ती नजर. ब्रुनो त्या वेळी आमचा सगळ्यात दांडगा ब्लिट्झवाला होता. त्या वयात त्यानं लोकांचे दात पाडले, आता तोच बसवून देतो, धंद्याची तयारी फार आधीपासून केली म्हणायची. तर ब्रुनोसुद्धा म्हणायचा, "डेन्या, मी परवडलो."

एका शुक्रवारी सराव संपल्यावर बाईंनी मला हाक मारली. "पोरा, इकडे ये. हे काय आहे?" खाली बोट. फरशीवर माझ्या बुटाचा काळा ओरखडा.

"माफ करा, पुसतो."

"पुसायला मी आहे. बघ म्हणते मी. इथं तू पाय रोवलास. बरोबर? मग हा दुसरा ओरखडा कसला, वीतभर मागं?"

मी वाकून बघितलं.

"रोज असतो हा. सोमवारी, मंगळवारी, बुधवारी. काल नव्हता. गेल्या गुरुवारीही नव्हता. गुरुवारी काय असतं?"

मी आठवून सांगितलं. गुरुवारी ब्रुनो आणि त्याची मंडळी दुसऱ्या खोलीत वजनं उचलायची. गुरुवारी ब्लिट्झ नसायची.

"म्हणजे तो आला की तू मागं सरकतोस," बाई म्हणाल्या.

"नाही हो," मी म्हणालो, "रोज तो खरा येतोच असं नाही. निम्म्या वेळा नुसता यायचं सोंग करतो."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं, असं काही पाहिलं, की अजून आठवतं. "आणि ओरखडे तर प्रत्येक वेळचे आहेत. मग जो आलाच नाही, त्याच्यापासून तू पळतोयस कशाला रे?"

मित्रहो, आमच्याकडे फिल्म होती, कॅमेरा होता, आकड्यांचे कागद होते. कोच माझा खांदा बघायचे, कोपर बघायचे, नजर कुठं जाते ते बघायचे. आणि वीतभर मागं सरकलेला माणूस चेंडू फेकतो तेव्हा त्याच्या अंगात जोरच उरत नाही, हे सगळं लिहिलेलं होतं खाली, फरशीवर. ते रोज फक्त एकाच माणसानं वाचलं, आणि पुसून टाकलं. बरोबर ना, कोच? कोच मान हलवतायत. त्यांनी पुढं एकदा बाईंना विचारलंही होतं, मला कसं दिसलं नाही म्हणून. तर बाई म्हणाल्या, "तुम्ही वर बघत होता."

सोमवारी सकाळी सातला मला बोलावणं आलं. बाईंनी मला जागेवर उभं केलं, माझ्या टाचेमागची सगळी फरशी पुसली आणि पाठीमागं पिवळी पाटी ठेवली. मग झाडू घेऊन समोर उभ्या राहिल्या. "मी येईन किंवा येणार नाही. तू फेक. आणि माझ्या ओल्या फरशीवर पाय ठेवलास तर गाठ माझ्याशी आहे."

आता सांगा, काय करणार? समोर झाडू, मागं ती फरशी. पहिल्या दिवशी मी अक्षरशः थिजलो. चेंडू भिंतीवर, दिव्यावर, एकदा त्यांच्या बादलीत. पण पाय मागं गेला नाही. जाणार कसा? दुसऱ्या आठवड्यात कळलं, की मागं जायचं नसेल तर अर्धं पाऊल पुढं टाकता येतं. तोवर हे मला सुचलंच नव्हतं! पुढं पाऊल टाकलं, की झाडू येतो ती जागा रिकामी दिसते. फळ्यावरची दोन रेघांची ओळ मला त्या दिवशी पायांतून कळली. अकरा आठवडे. रोज सकाळी सात. मग त्यांच्याकडचा वेलदोड्याचा पाव आणि कॉफी, आणि मग वर्गात झोप.

एप्रिलमध्ये मैदानावरचा बर्फ फावड्यांनी काढून सामना झाला. सरावात क्वार्टरबॅकला लाल शर्ट असतो, म्हणजे याला कुणी हात लावायचा नाही. कोचनी त्या दिवशी माझा लाल शर्ट काढून घेतला. पत्र खिशात होतं, म्हणजे कोटाच्या, बाकावर. आणि पलीकडून ब्रुनो ओरडला, "डेन्या, आज येतोय रे मी! सोंग नाही, खरा येतोय!"

आला. पहिल्यांदा आला तेव्हा माझा चेंडू त्यांच्या माणसानं पकडला. बाकावर कुणी तरी "झालं!" म्हणालेलं मला ऐकू आलं. मलाही तसंच वाटलं. दुसऱ्यांदा ब्रुनो मधून सुटला, समोर कुणी नाही, तो आणि मी. आणि माझ्या टाचेमागं, चिखलात, बर्फाच्या पाण्यात, मला ती पुसलेली फरशी दिसली हो! चकचकीत! मी अर्धं पाऊल पुढं टाकलं आणि ब्रुनो जिथून निघाला होता तिथं चेंडू सोडला. पुढचं मला दिसलं नाही, कारण ब्रुनो माझ्या छातीवर होता. पण माझ्या कानात तो म्हणाला, "गेला रे, पोहोचला. साल्या, पोहोचला!" त्या दिवशी ब्लिट्झसमोर चौदापैकी नऊ. पुढच्या हंगामात आम्ही दहापैकी सहा जिंकलो, चार हरलो. फार मोठा पराक्रम नाही. पण जागा राहिली, पत्र टाकलं नाही, आणि मी आज तुमच्यासमोर गुडघा ओला करून उभा आहे.

सामन्यानंतर मी पळत बाईंकडे गेलो. म्हटलं, बाई, ती ओली फरशी मला मैदानावर दिसली! त्या बादलीत फडकं पिळत होत्या. म्हणाल्या, "कसली ओली? पहिल्या सोमवारी पुसली होती तेवढीच. नंतर नुसती पाटी. रोज तुझ्यामागं पाणी ओतायला मला दुसरी कामं नाहीत का?"

अकरा आठवडे माझ्यामागची फरशी कोरडी खडखडीत होती आणि मी एकदाही वळून बघितलं नव्हतं. आज माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक क्वार्टरबॅकला मी टॅबलेटवर आकडे दाखवतो, ब्लिट्झ आली तर इतके, नाही आली तर इतके. पण पहिल्या दिवशी आधी त्याच्या बुटांच्या खुणा बघतो. आणि दर वेळी आपोआप या बाईंची आठवण येते. बाई, मी तुमच्यावर फार माया करतो. हे तीस वर्षांत एकदाही म्हटलं नव्हतं, आज म्हणून टाकतो.

बघा, उठल्या. मी म्हटलंच होतं. बाई, एक मिनिट! दार उघडण्याआधी काचेतून बाहेर बघा. पाटी दिसतेय ना पिवळी? अध्यक्षांच्या भाषणात मी तिकडंच होतो. अख्खा पॅसेज, या दारापासून जिन्यापर्यंत. आणि या वेळी नुसती पाटी नाही हं, खरंच पुसलाय, गुडघ्यावर बसून, म्हणून हा गुडघा. एक्केचाळीस वर्षांत तुम्ही कुणाच्या ओल्या फरशीवर पाय ठेवलेला नाही, आज ठेवणार आहात का?

अध्यक्षांनी मला बोलू दिलं, कोचनी अजून जपून ठेवलेला तीस वर्षांपूर्वीचा तो आकड्यांचा कागद आज कुणाला दाखवला नाही, ब्रुनोनं या वेळी अंगावर न येता ऐकून घेतलं आणि आपण सगळ्यांनी पास्ट्यांचा वास येत असतानाही खुर्ची सोडली नाही, याबद्दल मी मनापासून आभारी आहे. बोलताना काही कमी-जास्त झालं असेल तर सभेनं मोठ्या मनानं पोटात घालावं. पॅसेजचे कोपरे राहिले असतील, त्याबद्दल मात्र मला सभेची माफी चालणार नाही. ते बाईंनीच इथं येऊन, या माइकवरून, मला काय ते सुनवावं.

या, बाई. मागं जायला जागा नाही. अर्धं पाऊल टाका फक्त, पुढं.