योकास्तानं भाताचं पातेलं नेलं

"…आणि योकास्ता त्याला सोडून चाललीय, तेही त्या गिटारवाल्याच्या…" एवढंच ऐकू आलं मला, कारण तेवढ्यात दुकानदार फेयोनं मला दारात पाहिलं आणि तोंडाला कुलूप लावून माझ्यासाठी सलामीचं सॉसेज कापायला घेतलं. आता तुम्हीच सांगा, अर्धं वाक्य घेऊन माणसानं घरी जायचं कसं? मला काय करायचंय म्हणा, पण बाप्तिस्म्याला योकास्ताला हातात धरलेली मी, ती मला माद्रिना म्हणते, म्हणजे आईच्या खालोखाल मीच की!

आणि नवरा कोण, तर सिरिलो. बचाता गाणारा. बचाता म्हणजे काय, तर बाई सोडून गेली म्हणून यानं गिटार घेऊन रडायचं आणि ऐकणाऱ्यांनी त्यावर बिअर प्यायची. शी! तुम्हाला सांगते, या माणसाची सगळी कला बायकांच्या जिवावर. पहिली ती दुल्से. तिचा गुडघा दुखायचा, भरभर नाचता यायचं नाही, म्हणून यानं तिच्यासाठी ठेका संथ केला. ती गेली ट्रकवाल्याबरोबर, ठेका राहिला इथेच, आणि आता आमच्या मोका गावातली झाडून सगळी पोरं तसंच रेंगाळत वाजवतात. रेडिओवरचा तो शहाणा घसा खाकरून म्हणतो, "या नव्या शैलीत समुद्राची गाज आहे." समुद्र कसला, गुडघा आहे तो! मग न्यूयॉर्कहून सुट्टीला आलेली एक, तिनं विजेवरची गिटार दिली आणि विमानात बसली. तेव्हापासून गिटार किंचाळायला लागली, तर तीही शैली. मला काय करायचंय म्हणा, पण किळस येते हो.

मग योकास्ताशी संसार थाटला. सहा वर्षं सुखाची, आणि गाणी? एक तिच्या भाताच्या बुडाच्या खरपुडीवर, एक तिच्या झोपाळू डोळ्यांवर. फेयोनं दुकानात लावायचीच बंद केली. मला आदबीनं म्हणाला, "डोन्या मेलिदा, सुखी माणसाच्या गाण्यावर कोणी दुसरी बाटली मागत नाही."

तर मी तशीच, सलामीची पुडी हातात घेऊन, तरातरा योकास्ताकडे. दारात तो गिटारवाला, सिरिलोच्या मागे दुसरी गिटार वाजवणारा विल्किन, मोटरसायकल पुसत उभा… त्याच्याकडे असं पाहिलं मी, की बिचाऱ्यानं टोपी काढून हातात घेतली. आत पलंगावर सूटकेस उघडी, आणि ही बया कपड्यांच्या घड्या घालतेय, जशी काही यात्रेला निघालीय.

"तीन आठवडेच, माद्रिना. आईकडे. विल्किन बसपर्यंत सोडतोय. मी समोर असले की सिरिलोला काही दुखतच नाही म्हणे, मग गाणं कुठून सुचणार?"

ऐकलंत? बायकोनं घर सोडायचं, कशाला, तर नवऱ्याला रडता यावं म्हणून! आणि तो बाहेर ओसरीवर बसून गिटारच्या तारा जुळवतोय, दुःख यायची वाट बघत, बस यायची बघावी तशी. माझ्या तोंडाची चवच गेली. मला काय करायचंय म्हणा, पण तोंड उघडलंच.

"आणि पुढच्या वेळी सुचलं नाही, तर मरून दाखवणार आहेस का त्याला?"

 तिनं बाहेरच्या त्या टुणटुणीकडे कान दिला. मग उठली, स्वयंपाकघरात गेली, आणि भाताचं जाड बुडाचं पातेलं घेऊन आली. अर्धे कपडे बाहेर काढले, पातेलं सूटकेसमध्ये बसवलं, गुडघा टेकवून सूटकेसचं झाकण लावलं. तीन आठवड्यांसाठी आईकडे जाणारी बाई पातेलं नेत नाही, हे आमच्या गल्लीत कुत्र्यालासुद्धा कळतं. सिरिलोला नाही कळलं. त्यानं हात हलवून निरोप दिला, आणि लगेच एक सूर छेडून पाहिला.

चार महिने झाले. सोडून गेली, हे खरं ठरलं. गिटारवाल्याचं म्हणाल, तर त्यानं सूटकेस तेवढी बसपर्यंत पोचवली, आणि ती जड का, हेही त्या भल्या माणसानं विचारलं नाही.

आणि सिरिलो? आता रडतो, अगदी खराखुरा, नाक लाल होईस्तोवर. गाणं? एक ओळ नाही. "डोन्या, खरंच दुखायला लागल्यावर बोटं चालत नाहीत," म्हणतो. रोज दुपारी बाराला ताट घेऊन माझ्या दारात उभा. काल विचारतो, "बुडाची खरपुडी आहे का हो?"

वाढली. काय करणार? तिला शहाणं मीच केलं ना!