दोन फळ्यांचं दार

— न्हाई, चुकलीस! परत सांग. हृदयात उजवीकडचं दार तीन फळ्यांचं, डावीकडचं दोन फळ्यांचं. ते डावं म्हणजे मायट्रल. हुलसूरच्या पिठाच्या गिरणीवाल्या कलाबाईला पाठ झालं, अन् तिच्या डॉक्टर व्हायला निघालेल्या लेकीला, पल्लवीला न्हाई? हसायलीस कामून? परीक्षा आठ दिवसांवर आली, माय. वही ओढू नको, माझ्याच हातात राहू दे — पुढून तुझे प्रश्न, मागून माझी रोजची नोंद. लाईट कवा गेली, पट्टा कवा तुटला, कुणाचं दळण राहिलं, समदं. कागद वाया घालवायचा न्हाई.

चल, पुढचा. पेशंट बाई, वय अठ्ठेचाळीस. ज्वारीचा डबा उचलून गिरणीत ओतला की जबडा आवळतोय, दम लागतोय, छातीत जळजळ. पोत्यावर पाच मिनिटं टेकली की समदं गायब. काय म्हणायचं ह्याला? — अंजायना? म्हंजे हृदयाला रक्त कमी पडतंय? शाब्बास! छातीत कळ न्हाई तरीबी? बायकांत असंबी असतंय? बरं, लिहून घेतलं. पहिली तपासणी? — ईसीजी. व्हय, बरोबर. अन् समजा, त्या बाईनं आठ दिवस थांबून केली तर? न्हाई गं, प्रश्नातच तसं हाय! 'आजच्या आज' म्हणतीस? एवढी ओरडू नको, ओरडून मार्क मिळत न्हाईत.

पुस्तकात ज्वारीचा डबा कुठनं आला? इंग्रजी पुस्तक, मी मराठीत करून घेतलं. तिथं गहू आसंल! पान? पान कशाला पायजे — आगं, दे हिकडं, मागची बाजू हाय ती! मोठ्यानं वाचू नको, गिऱ्हाईक ऐकतेत. मंगळवारी चन्नवीर अण्णाचा डबा, गुरुवारी शकुबाईचा... चारदाच जबडा आवळला, बस. पाचवा तर मी उचललाच न्हाई. तुला सांगितलं असतं तर तू पुस्तक मिटून माझ्याच मागं लागली असतीस. म्हटलं, प्रश्नातनं विचारावं — तुझाबी अभ्यास होतोय, मलाबी कळतंय.

डॉक्टर रडतेत व्हय? बरं, येते. बसवकल्याणच्या दवाखान्यात आत्ताच येते, गिरणीला कुलूप लाव. अन् हे काय, छातीला तपासायची नळी लावायलीस? आगं, थंड हाय! हितंच दोन फळ्यांचं दार न? नीट लागायलंय का बघ. अन् प्रश्न बाकी हाय — उजवीकडं फळ्या कि...

गप बसू?

बरं.